गालाच्या कॅन्सरनंतरचे किरणोपचार : कोणते त्रास जातात आणि कोणते सांभाळावे लागतात

देवगड तालुक्यातल्या एका मुलीने आपल्या वडिलांविषयी विचारले आहे. वडील ५८ वर्षांचे, वजन ६२ किलो. डाव्या गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, मानेतल्या गाठीही काढल्या. तपासणीच्या अहवालात एका गाठीतला रोग तिच्या आवरणाबाहेर आलेला दिसला, म्हणून आता कोल्हापुरात ३३ वेळा रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो ठरली आहे. ‘आयएमआरटी’ पद्धतीने, रोगाच्या जागेवर नेम धरून किरण देणार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांच्या वाडीतल्या एका काकांना पूर्वी कोबाल्टच्या मशीनवर रेडिएशन मिळाले होते आणि आजही पाण्याच्या घोटाशिवाय त्यांना भाकरी गिळता येत नाही. नव्या पद्धतीतही असे त्रास होतात का, झाले तर कधी बरे होतात, आणि मध्ये येणाऱ्या गणपतीला वडिलांना चार दिवस घरी आणता येईल का, असे तिचे प्रश्न आहेत.

मी किरणोपचारांचा डॉक्टर आहे आणि माझे बहुतेक रुग्ण रत्नागिरी-सिंधुदुर्गातले असतात, त्यामुळे हे प्रश्न मला नेहमीचे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच देतो. त्रास होणार. काकांना जो कायमचा कोरडेपणा राहिला तो तुमच्या वडिलांना बराच कमी राहण्याची शक्यता आहे. परंतु उपचाराच्या काळात तोंड येणे, चव जाणे, गिळताना दुखणे हे त्रास नव्या मशीननेही टळत नाहीत. हे आधीच माहीत असलेले घर चौथ्या आठवड्यात डगमगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आयएमआरटीमध्ये काय होते ते आधी पाहू. चेहऱ्यावर आणि खांद्यांपर्यंत बसणारा जाळीदार प्लास्टिकचा मास्क तयार करतात, तो घालून सीटी स्कॅन काढतात, आणि त्या स्कॅनच्या प्रत्येक कापावर डॉक्टर दोन प्रकारच्या सीमा आखतात : जिथे पूर्ण मात्रा पोचली पाहिजे तो भाग, आणि जिथे ती पोचता कामा नये ते अवयव. मग मशीन अनेक दिशांनी किरण सोडते आणि प्रत्येक दिशेच्या झोताचा आकार व तीव्रता शिशासारख्या जड धातूच्या बारीक, सरकत्या पात्यांनी क्षणोक्षणी बदलत राहते. एका वेळची मात्रा बहुधा २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असते. ३३ वेळा म्हणजे एकूण ६६ ग्रे. या पद्धतीमुळे मज्जारज्जूची मात्रा ४५ ते ५० ग्रेच्या आत ठेवता येते, आणि कानापुढे-कानाखाली असलेल्या पॅरोटिड या मोठ्या लाळग्रंथीपैकी निदान एकीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करता येतो. त्या मर्यादेत राहिलेली ग्रंथी पुढच्या एक-दोन वर्षांत बऱ्याच अंशी कामाला लागते. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घशाच्या कॅन्सरच्या त्या रुग्णांत वर्षभरानंतर तोंडाचा त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ७४ टक्क्यांना होता, तर आयएमआरटी घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. फरक मोठा आहे; पण ३८ हा आकडाही लहान नव्हे.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत रोग डाव्या गालाचा आणि मानेच्या डाव्या बाजूचा असल्याने उजवी पॅरोटिड ग्रंथी वाचवण्यास चांगला वाव असावा. डावी मात्र किरणांच्या क्षेत्राला लागूनच आहे. गालाचे अस्तर, डाव्या बाजूच्या हिरड्या, जिभेची डावी कड, त्या बाजूचा जबडा यांना वगळता येणार नाही, कारण रोगाच्या सूक्ष्म पेशी उरल्या असतील तर त्या नेमक्या याच भागात असणार. मशीन कितीही अचूक असले तरी ज्या पेशींना मात्रा द्यायचीच आहे त्यांच्या शेजारच्या निरोगी पेशींना ती लागतेच. आणखी एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. किरण अनेक दिशांनी येत असल्यामुळे थोडी थोडी मात्रा अशा ठिकाणीही पडते जिथे जुन्या पद्धतीत ती पडत नसे. त्यामुळे कधी डोक्याच्या मागच्या बाजूचे केस पट्ट्यासारखे जातात, कधी केमो नसतानाही मळमळते. रोग डोक्यात गेला की काय, अशी शंका अशा वेळी घरच्यांना येते. तसे काही नसते. केस बहुधा काही महिन्यांत परत येतात.

प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी काहीच जाणवत नाही. दहा-पंधरा मिनिटे मास्क लावून स्थिर पडून राहायचे एवढेच. बाहेर आलेल्या रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवंडांना मांडीवर घ्यायला, एका ताटात जेवायला काहीही हरकत नाही. गावाकडे ही भीती अजून आहे आणि तिच्यापायी रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवलेले मी पाहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिल्या दिवशीच्या उपचारानंतर काही तासांत कानाखाली सूज येऊन दुखू शकते. ती लाळग्रंथीची तात्पुरती प्रतिक्रिया असते आणि एक-दोन दिवसांत उतरते. पहिला आठवडा एरवी बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात चव बदलू लागते, जेवण मातीसारखे किंवा धातूसारखे लागते, लाळ घट्ट आणि चिकट होते. दुसऱ्याच्या अखेरीस किंवा तिसऱ्यात तोंड येते : आधी लाली, मग पांढरट चट्टे, मग उघडे व्रण. चौथ्यापासून शेवटपर्यंत हा त्रास चढत जातो, आणि केमो सोबत असेल तर अधिक तीव्र होतो. शेवटचे रेडिएशन झाले म्हणजे दुसऱ्या दिवसापासून उतार पडेल अशी सर्वांची अपेक्षा असते. तसे होत नाही. मशीन थांबल्यावरही एक ते दोन आठवडे त्रास तसाच राहतो किंवा किंचित वाढतो, आणि त्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत अस्तर भरून येते. माझ्या मते संपूर्ण उपचारात सर्वाधिक दुर्लक्षित काळ हाच. रोजचे इस्पितळात जाणे संपलेले असते, डॉक्टर-नर्स रोज दिसत नाहीत, रुग्ण घाट उतरून घरी आलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो पाणीही पिईनासा होतो. शक्य असेल तर शेवटच्या रेडिएशननंतरचा आठवडाभर कोल्हापुरातच राहावे. नाहीतर आठवड्याच्या आत कणकवलीला किंवा जवळच्या रुग्णालयात वजन, रक्तदाब आणि रक्ततपासणी करून घेण्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

तोंडाची निगा पहिल्या दिवसापासून राखायची असते, व्रण दिसल्यावर नव्हे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून ते पाणी दिवसभर वापरावे. दर दोन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर हळुवार चुळा भराव्यात. दुसऱ्या दिवशी पाणी नवे करावे. बाजारातले अल्कोहोलयुक्त माउथवॉश वापरू नयेत. बेंझिडामिनच्या गुळण्यांचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे, त्या डॉक्टरांना विचारून सुरुवातीपासून घ्याव्यात. काही केंद्रांत कमी तीव्रतेच्या लेझरने तोंडाला शेक देतात. ती सोय असेल तर अवश्य घ्यावी. मध चाटवल्याने थोडा फायदा होतो असे काही अभ्यासांत आढळले आहे, पण तो दातांवर राहिला तर दात किडतात, म्हणून थोड्या वेळाने चूळ भरलीच पाहिजे. जिभेवर किंवा टाळ्यावर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसला आणि जळजळ एकाएकी वाढली, तर बहुधा ती बुरशी असते. तिच्यावर साधे आणि गुणकारी औषध आहे, पण ती किरणांचाच परिणाम समजून आठवडा आठवडा सोसली जाते.

वेदनाशामकांच्या बाबतीत आपली माणसे फार सोसतात. तोंडातल्या उघड्या व्रणांच्या वेदनेला साध्या गोळ्या पुरत नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन लागणे स्वाभाविक आहे. मॉर्फिनचे नाव काढले की शेवट जवळ आला असे घरच्यांना वाटते, किंवा सवय लागेल अशी धास्ती वाटते. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले मॉर्फिन व्रण भरले की टप्प्याटप्प्याने बंद होते. त्याने बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे. जेवणाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक दिले की दोन घास जास्त जातात, आणि त्या दोन घासांना या दिवसांत औषधाइतकीच किंमत असते.

आहाराबद्दल जरा अधिक लिहितो, कारण कोकणातल्या घरांत इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते आणि इथेच सगळ्यात जास्त करण्यासारखे असते. ६२ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण १,९०० ते २,१०० कॅलरी आणि ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. ‘रेडिएशन उष्ण पडते’ या समजुतीने अंडी, मासे, चिकन बंद करून फक्त पेज आणि मऊभात दिला, तर रुग्णाचे पोट भरते पण वजन उतरत जाते. उकड्या तांदळाची पेज गिळायला उत्तम, परंतु तिच्यात प्रथिने फार थोडी. पेजेत तूप आणि नारळाचे घट्ट दूध घाला, सोबत मऊ उकडलेले अंडे कुस्करून द्या, एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. कुळथाची पिठी मिरची आणि कोकम न घालता पातळ करून द्यावी. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून द्यावे. आंबील नको, कारण ताकाचा आंबटपणा व्रणांना झोंबतो. सोलकढी, लिंबू, चिंच, तिरफळ, मिरी आणि मालवणी मसाला व्रण भरेपर्यंत पूर्ण बाजूला ठेवावे. मासे मुळीच बंद करू नयेत. ओले बोंबील किंवा मुडदुशी हळद-मीठ लावून वाफवली, काटा नीट काढला आणि नारळाच्या दुधात कुस्करली तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांना जाते. जेवण गरम नको, कोमट किंवा गार असावे. तीन वेळा भरपूर देण्याऐवजी दर दोन तासांनी वाटीभर द्यावे. चव नसतानाही खावे लागणार आहे, हे वडिलांना आधीच समजावून सांगा. भूक लागेल तेव्हा खाईन असे म्हणून चालणार नाही.

दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. वजन फार उतरले की चेहरा बारीक होतो, मास्क सैल पडतो, आणि मिलिमीटरच्या हिशेबाने आखलेले किरण आपल्या जागेवरून सरकू शकतात. मग पुन्हा स्कॅन करून नवी आखणी करावी लागते. म्हणजे नेम टिकवण्याचे काम निम्मे मशीनकडे असले तरी निम्मे तुमच्या स्वयंपाकघराकडे आहे. मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे वडिलांच्या बाबतीत ३ किलोहून अधिक घट महिन्याच्या आत झाली, तर नाकातून नळी घालण्याचा विचार डॉक्टर मांडतील. तिला नकार देऊ नका. ती काही आठवड्यांची असते. नळी असली तरी जेवढे पाणी, जेवढी पेज तोंडाने सुरक्षितपणे जाते तेवढी घेत राहणे आवश्यक आहे, कारण गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर ते आखडतात आणि पुढे नळी काढणेच कठीण होते. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर लगेच सांगावे. अन्नपाणी श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया या रुग्णांना जिवावर बेततो.

मानेची कातडी तिसऱ्या आठवड्यापासून काळवंडते, कोरडी होते, काहींची सोलते. आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यातल्या दमटपणात, घाम साचून गळ्याच्या घड्या लवकर ओलसर होतात. कॉलर नसलेला, धुऊन मऊ झालेला सुती सदरा घालावा. साबण सौम्य, पाणी कोमट. टॉवेलने घासू नये, टिपावे. वस्तऱ्याने दाढी नको. उपचाराला जाण्याआधी तेल, पावडर, हळदीचा लेप काहीही लावू नये. कातडी सोलून ओली झाली तर कोणते मलम लावायचे ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सिस्प्लॅटिनचे दुष्परिणाम वेगळे आहेत आणि ते किरणांच्या त्रासात मिसळून जातात. उलट्या, मूत्रपिंडावर ताण, कानात आवाज येणे किंवा ऐकू कमी येणे, पांढऱ्या पेशी घटणे हे त्यातले मुख्य. कानात गुणगुण सुरू झाली तर पुढच्या डोसाआधी सांगितलेच पाहिजे, कारण या औषधाने गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालयात न्यावे. या काळात कोणताही काढा किंवा भस्म, देणारा कितीही विश्वासातला असला तरी, डॉक्टरांना न विचारता देऊ नका. मूत्रपिंडावर आधीच भार आहे. शहाळ्याचे पाणी चांगले, पण रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण) वाढले असेल तर त्यातले पोटॅशियम घातक ठरू शकते, म्हणून तेही अहवाल पाहूनच.

आता गणपतीचा प्रश्न. मुंबईचा चाकरमानी ज्या सणाला वाटेल ते करून घरी पोचतो, त्या सणाला घरातला कर्ता माणूस परगावी एखाद्या खोलीत पडून राहणार, याचे दुःख मला समजते. तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. किरणोपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या कॅन्सरपेशी अधिक वेगाने वाढू लागतात, आणि म्हणून मध्येच पडलेला खंड फार महाग पडतो. डोके व मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग काबूत राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याहून अधिक घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. चार दिवसांची रजा आणि तिला जोडून शनिवार-रविवार असे धरले तर हिशेब आपण स्वतःच करू शकता. शिवाय शस्त्रक्रियेपासून शेवटच्या रेडिएशनपर्यंतचा एकूण काळ ११ आठवड्यांच्या आसपास संपावा असा आमचा प्रयत्न असतो, आणि त्यातले बरेच दिवस जखम भरण्यात गेलेलेच असतात. मूर्ती या वर्षी काकांनी किंवा भावाने बसवावी; वडिलांना व्हिडिओ कॉलवर आरती दाखवावी. सोमवार ते शुक्रवार उपचार असल्याने शनिवार-रविवारी घरी येणे तत्त्वतः शक्य आहे, पण करूळ किंवा फोंडा घाटात दरड कोसळली तर सोमवार बुडतो, म्हणून पावसाळ्यात मी तेही टाळायला सांगतो. मशीन बिघडल्याने किंवा सरकारी सुट्टीमुळे दिवस चुकला तर तो शनिवारी, अथवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा उपचार देऊन भरून काढता येतो का, हे डॉक्टरांना विचारावे. राहण्याचा खर्च ही खरी अडचण आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघू शकतो, राहण्याचा नाही. तेव्हा धर्मशाळेची किंवा भाड्याच्या खोलीची सोय पहिल्याच आठवड्यात रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातून लावून घ्यावी.

यापुढचे जे लिहितो ते उपचार संपल्यानंतरच्या वर्षांसाठी आहे, पण त्यातली एक गोष्ट आजच करायची आहे : दातांची तपासणी. कोरड्या तोंडात दात झपाट्याने किडतात, कारण लाळ त्यांना धुऊन राखण्याचे काम करत असते. आणि ज्या जबड्याला ६० ग्रेहून अधिक मात्रा मिळाली त्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. अशा जबड्यातला दात पुढे पाच वर्षांनी, दहा वर्षांनी उपटला तरी ती जागा भरून न येता हाड उघडे पडू शकते आणि कुजू लागते. हा दुष्परिणाम दर रुग्णाला होत नाही, परंतु ज्याला होतो त्याचे हाल मी पाहिलेले आहेत, आणि त्यातले बरेच टाळता येण्यासारखे असतात. म्हणून वडिलांचे किडलेले, हलणारे, हिरडीतून सुटलेले दात किरणोपचार सुरू होण्यापूर्वी काढावेत. काढल्यानंतर जखम भरायला दोन ते तीन आठवडे मिळाले पाहिजेत. तुमची तारीख जवळ आली असेल तर दंतवैद्य आणि किरणोपचाराचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे; दातासाठी उपचार महिनाभर लांबवणेही योग्य नाही. चांगले दात ठेवायचे, मऊ ब्रशने दोनदा घासायचे आणि दंतवैद्याने दिलेले फ्लोराइड रोज लावायचे. त्यानंतर जन्मभर, कोणत्याही दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी ‘माझ्या जबड्याला रेडिएशन झाले आहे’ हे वाक्य वडिलांनी उच्चारले पाहिजे. दात उपटण्याआधी मूळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे व्हायलाच हवे.

तोंड उघडणे कमी होणे हा गालाच्या रुग्णांचा दुसरा मोठा प्रश्न. आपल्याकडच्या अनेकांचे तोंड कॅन्सरच्या आधीच सुपारी आणि गुटख्यामुळे आखडलेले असते, त्यात शस्त्रक्रियेचा व्रण आणि किरण यांची भर पडते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरहून कमी झाले की खाणे, दात घासणे, तोंडाची तपासणी सगळेच अवघड होते. साधी खूण म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का ते पाहणे. आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, रोज चार-पाच वेळा काही मिनिटे, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एक पट्टी वाढवायची, हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. तो उपचारादरम्यान दुखले तरी जमेल तेवढा चालू ठेवावा आणि पुढे निदान वर्ष-दोन वर्षे सोडू नये, कारण आखडण्याची प्रक्रिया हळूहळू चालूच राहते. मान आणि खांद्याचे व्यायामही त्याच वेळी.

चव बहुतेकांना दोन ते सहा महिन्यांत परत येते, काहींना वर्ष लागते, आणि काही चवी थोड्या बोथट राहतात. कोरडेपणासाठी पाण्याची बाटली जवळ ठेवणे, जेवणात पातळ पदार्थ असणे, साखर नसलेले च्युइंगगम चघळणे यांचा उपयोग होतो. पिलोकार्पिन नावाची गोळी काहींना मानवते, पण काबूत नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांना ती देत नाहीत. हनुवटीखाली सकाळी दिसणारी मऊ सूज बहुधा लसिकाद्रव साचल्याने असते आणि विशिष्ट पद्धतीच्या हलक्या मालिशने कमी होते. उपचारानंतर दोन-चार महिन्यांनी मान खाली वाकवताना पाठीतून विजेसारखी झणझण गेली तर घाबरू नका. ही मज्जारज्जूची तात्पुरती प्रतिक्रिया असते आणि बहुधा आपोआप जाते, मात्र हातापायांत अशक्तपणा असेल तर तातडीने दाखवा. मानेला रेडिएशन मिळालेल्या पुष्कळ रुग्णांची थायरॉईड ग्रंथी पुढच्या काही वर्षांत मंदावते. थकवा, सुस्ती, थंडी सहन न होणे, आवाज जड होणे ही लक्षणे ‘कॅन्सरचा अशक्तपणा’ म्हणून सोडून दिली जातात. दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी केली तर ते वेळीच कळते आणि रोजच्या एका स्वस्त गोळीवर भागते.

तंबाखू, मिश्री आणि सुपारी आजपासून बंद. सुपारी निरुपद्रवी आहे, आपल्याच वाडीतली आहे, असे मला कितीतरी घरांत सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये, तंबाखू नसतानाही सुपारी कॅन्सरकारक असल्याचे जाहीर केलेले आहे. व्यसन चालू राहिले तर व्रण लवकर भरत नाहीत आणि तोंडात दुसरा नवा कॅन्सर होण्याचा धोका कायम राहतो. वडिलांना हे एकट्याने जमणार नाही. घरातल्या पानाच्या तबकासह सगळेच उचलून ठेवा.

उपचार संपल्यावर पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी तपासणी ठरते. तोंडात सहा आठवड्यांनंतरही न भरलेला व्रण, मानेत नवी गाठ, वाढत जाणारी कानदुखी, उघडे पडलेले हाड, नव्याने सुरू झालेला ठसका, यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जावे. शेवटच्या दिवशी रुग्णालयातून निघताना उपचाराचा पूर्ण सारांश लेखी मागून घ्या : एकूण मात्रा, किती वेळा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सिस्प्लॅटिनचे किती डोस, आणि शक्य असल्यास डाव्या जबड्याला व दोन्ही पॅरोटिड ग्रंथींना मिळालेली मात्रा. त्याची एक प्रत फाइलमध्ये, एक फोटो तुमच्या मोबाइलवर आणि एक प्रत तुमच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे असू द्या.